गॅस कटरसाठी गावीच करता येणारा कंपास

मृग नक्षत्र तोंडावर आले म्हणजे गावोगावच्या लोहारशाळांत व वेल्डिंगच्या दुकानांत कामाची एकच गर्दी उसळते. कोणाला फाळ पाजवून घ्यावयाचा असतो, कोणाच्या ट्रॉलीचा सांगाडा तडकलेला असतो, तर कोणाच्या विहिरीवरील पंपाचा नळ सांध्यातून गळत असतो. पूर्वी जाड लोखंड तोडावयाचे म्हणजे भट्टी, छिन्नी व घण यांवाचून गत्यंतर नसे. आता तालुक्याच्याच नव्हे, तर बाजाराच्या गावीही गॅस कटर आढळतो व बोटभर जाडीची प्लेट काही मिनिटांत दुभंगते.

काम झटपट होते, परंतु ते नेटके होतेच असे नाही. सरळ काप एक वेळ साधतो. गोल कापताना मात्र सराईत कारागिराचाही हात हलतो. खडूने काढलेली रेघ झगझगत्या ज्योतीखाली दिसेनाशी होते, हात कधी आत तर कधी बाहेर जातो आणि चकतीला करवतीसारखे दाते पडतात. मग कानस व ग्राइंडर यांवर तासन् तास घालवावे लागतात. नळ बसविण्याचे भोक वेडेवाकडे झाले, तर फट भरून काढण्यासाठी वेल्डिंगच्या कांड्या मन मानेल तशा खर्ची पडतात. इतके करूनही सांधा गळला म्हणजे पंप पुन्हा उतरवावा लागतो. पाण्याची पाळी चुकली, की त्याचे नुकसान दुकानदाराला नव्हे, तर उभ्या पिकाला सोसावे लागते.

यावर उपाय सोपा आहे. शाळेतील मुलगा वर्तुळ काढण्यासाठी कंपास वापरतो, तसाच कंपास गॅस कटरला जोडावयाचा. असे तयार साधन बाजारात मिळते. परंतु भंगारातील चार वस्तूंपासून ते कोणत्याही वेल्डिंगच्या दुकानात एका दिवसात तयार करता येते. त्याची कृती, वापर व घ्यावयाची खबरदारी यांची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

लोखंड कसे कापले जाते ?

साधन करण्यापूर्वी ज्योतीचे काम समजून घेणे इष्ट आहे. गॅस कटर लोखंड वितळवून कापतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. तो लोखंड जाळून कापतो. ॲसिटिलीन व प्राणवायू यांच्या ज्योतीने प्लेटचा एक ठिपका प्रथम लालभडक, म्हणजे सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. नंतर कटरची दांडी दाबताच नोझलच्या मधल्या भोकातून शुद्ध प्राणवायूचा झोत त्या ठिपक्यावर पडतो. तापलेले लोखंड प्राणवायूत पेट घेते व त्याचे कीट बनते. शुद्ध लोखंड १५३८ अंशांवर वितळते, तर हे कीट त्याहून कमी उष्णतेवर पातळ होते. म्हणून झोताच्या जोराने ते खाली उडून जाते व मागे चीर राहते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. पहिली अशी की, हे साधन साध्या पोलादी प्लेटसाठीच उपयोगी आहे. बीड, स्टेनलेस पोलाद व ॲल्युमिनियम या धातू या रीतीने नीट कापल्या जात नाहीत. ॲल्युमिनियम व स्टेनलेस पोलाद यांवर येणारा थर मूळ धातूपेक्षा पुष्कळच अधिक उष्णतेवर वितळतो व झोताला आड येतो. तीन मिलिमीटरहून पातळ पत्राही ज्योतीने मुरडतो. त्यास कात्रीच बरी.

दुसरी गोष्ट अशी की, चीर नीट येण्यासाठी नोझलचे प्लेटपासूनचे अंतर व पुढे सरकण्याची गती ही दोन्ही सारखी राहिली पाहिजेत. मोकळ्या हाताला नेमके हेच साधत नाही. कंपासामुळे अंतर व वाट या दोन्ही गोष्टी साधन सांभाळते आणि कारागिराला केवळ गतीकडे लक्ष देता येते.

लागणारे साहित्य

१. दहा मिलिमीटर व्यासाची, सरळ व गुळगुळीत पोलादी सळई : ४०० मिमी लांब.

२. जुने ६२०० क्रमांकाचे बेअरिंग : एक. याचे आतील भोक १० मिमी, बाहेरचा व्यास ३० मिमी व रुंदी ९ मिमी असते. ते आपल्या सळईवर नेमके बसते.

३. पंचवीस मिमी चौरस गजाचा तुकडा : ३० मिमी लांब. हा सरकता ठोकळा होय.

४. जाड नळाचा तुकडा : याचे बुश करावयाचे आहे. त्याचे आतील भोक आपल्या नोझलच्या सर्वांत जाड भागाहून अर्धा मिलिमीटर मोठे असावे. तसा नळ न मिळाल्यास लेथवर भोक मोठे करून घ्यावे.

५. पंचवीस मिमी रुंद व ५ मिमी जाड पट्टीचा लहान तुकडा, आठ मिमीचा एक बोल्ट, दोन लहान वायसर आणि मोडलेल्या ६ मिमी ड्रिल बिटचा दांडा.

कृती

बेअरिंग प्रथम रॉकेल अगर डिझेलमध्ये बुडवून त्यातील सर्व ग्रीस काढून टाकावे. नंतर ते साबणाच्या गरम पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावे. त्यास पुन्हा तेल अगर ग्रीस मुळीच लावू नये. फिरताना ते किंचित खरखरले तरी चालेल. प्राणवायूच्या सान्निध्यात तेल व ग्रीस भडकून पेटतात. सबब या साधनाचा कोणताही भाग वंगणयुक्त असता कामा नये.

आता सळईच्या एका टोकाला पट्टीचा तुकडा उभा जोडावा. पट्टीची उंची २५ मिमी ठेवून तिची खालची कड सळईच्या खालच्या बाजूशी समपातळीत आणावी. बेअरिंग सळईवर चढविल्यावर सळईचा मध्य प्लेटपासून १५ मिमी उंचीवर येतो. अर्थात सळईचा माथा २० मिमी उंचीवर असतो. बुशची खालची कड या माथ्याच्या पातळीस आणून बुश पट्टीला उभे जोडावे. ते सर्व बाजूंनी गुण्या लावून पाहावे. बुश तिरके बसले, तर काप आयुष्यभर तिरका येईल.

बुशची लांबी काढण्याची रीत येणेप्रमाणे आहे. नोझल कटरवर बसवून त्याच्या नटाखाली किती भाग उघडा राहतो ते मोजावे. त्यातून १४ मिमी वजा करावे. उदाहरणार्थ, उघडा भाग ४५ मिमी असेल तर बुश ३१ मिमी लांब असावे. असे केल्याने नट बुशच्या माथ्यावर टेकतो आणि नोझलचे टोक प्लेटपासून आपोआप ६ मिमी उंचीवर राहते. नोझल बुशमध्ये सैलसर फिरले पाहिजे. ते जखडून ठेवले, तर वर्तुळाबरोबर कटरची मूठही फिरवावी लागते आणि नळ्यांना पीळ पडतो.

बेअरिंग सळईवर घालून बुशच्या मध्यापासून ३५ मिमी अंतरावर आणावे आणि त्याच्या दोन्ही अंगांस एकेक वायसर सळईला टाक्याने जोडावा. टाका मारताना बेअरिंगवर ओले फडके ठेवावे व वायसर बेअरिंगच्या बाहेरील कड्याला घासत नाही ना, हे पाहावे. सळई हीच या चाकाची आस झाल्यामुळे चाक नेहमी वर्तुळाच्या वाटेनेच धावते. त्यास वेगळा सांगाडा लागत नाही, ही या रचनेची सोय आहे.

सरकत्या ठोकळ्यात लांबीच्या दिशेने, बरोबर मध्यातून सळईपुरते भोक पाडावे. सळई त्यातून हाताने सरकली पाहिजे, परंतु डुलता कामा नये. ठोकळ्याच्या वरच्या बाजूने भोक पाडून ८ मिमीच्या बोल्टासाठी आटे पाडावेत. बोल्टाच्या डोक्यावर आडवी लहान सळई जोडली, म्हणजे तो पान्ह्याविना आवळता येतो. खालच्या बाजूने ६ मिमीचे भोक सळईच्या भोकापर्यंत न्यावे व त्यात ड्रिल बिटच्या दांड्याचा तुकडा बसवून टाक्याने पक्का करावा. तो सळईच्या भोकात डोकावता कामा नये. त्याचे खालचे टोक ग्राइंडरवर टोकदार करून ठोकळ्याबाहेर ३.५ मिमी ठेवावे. त्यापैकी सुमारे १ मिमी पंचाच्या खुणेत बसतो व उरलेल्या २.५ मिमीमुळे सळई समपातळीत राहते.

शेवटी सळईच्या माथ्यावर कानशीने एक अरुंद सपाट पट्टा घासावा. बोल्ट त्यावर टेकला म्हणजे सळई गरगरत नाही व बुश उभेच राहते. या कंपासाने सुमारे १२० ते ६०० मिमी व्यासाची वर्तुळे कापता येतात. त्याहून लहान भोकासाठी ड्रिल किंवा लेथ यांचाच आश्रय घ्यावा.

लाकडी खुंटी

या साधनाबरोबर आणखी एक वस्तू अवश्य करून ठेवावी. ती म्हणजे बुशमध्ये घट्ट बसणारी लाकडी खुंटी. तिच्या बरोबर मध्यातून खिळा ठोकून त्याचे टोक खाली काढावे. कटरऐवजी ही खुंटी बुशमध्ये बसविली, म्हणजे टोकदार दांड्यापासून खिळ्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून कंपास लावता येतो. शिवाय प्लेटला खडू फासून ज्योत पेटविण्यापूर्वीच वर्तुळ रेखून पाहता येते. चूक असेल तर ती येथेच कळते. खडू पुसता येतो. कापलेली प्लेट जोडता येत नाही.

चिरेच्या रुंदीचा हिशेब

नवीन कारागिराची बहुधा येथेच चूक होते. ज्योतीची चीर ही पेन्सिलीची रेघ नव्हे. तिला रुंदी असते. बारा मिमी जाडीच्या प्लेटवर ती सुमारे २ मिमी भरते. आपल्या कटरची चीर किती रुंद येते, हे भंगार प्लेटवर बोटभर काप घेऊन प्रत्यक्ष मोजावे. नंतर पुढील नियम लक्षात ठेवावा :

चकती ठेवावयाची असेल, तर त्रिज्येत चिरेची निम्मी रुंदी मिळवावी.

भोक ठेवावयाचे असेल, तर त्रिज्येतून चिरेची निम्मी रुंदी वजा करावी.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. नदीवरून पाणी आणणाऱ्या वाहिनीचा नळ १६५ मिमी बाह्य व्यासाचा आहे. त्याच्या टोकावरील फ्लँज, म्हणजे बोल्टांनी आवळावयाची जाड कडी, गंजून गेली आहे. ती १२ मिमी प्लेटमधून नवीन करावयाची आहे. जुन्या कडीचा बाहेरचा व्यास २८० मिमी भरतो. नळ सहज जावा म्हणून आतील भोक १६७ मिमी ठेवावयाचे आहे.

बाहेरच्या वर्तुळाची त्रिज्या १४० मिमी. तीत १ मिमी मिळविता कंपास १४१ मिमीवर लावावा. आतील भोकाची त्रिज्या ८३.५ मिमी, तीतून १ मिमी वजा करता कंपास ८२.५ मिमीवर लावावा. हा एक मिलिमीटर विसरला, तर कडी २ मिमी लहान व भोक २ मिमी मोठे होते. आणि वेल्डिंगच्या वेळी तीच फट डोळ्यांत खुपते.

कापण्याचा क्रम

१. प्लेटवरील गंज, रंग व माती तारेच्या ब्रशाने काढावी. प्लेट लोखंडी घोड्यांवर आडवी ठेवावी. ती थेट सिमेंटच्या जमिनीवर ठेवू नये. तापलेल्या सिमेंटच्या कपऱ्या जोराने उडतात.

२. मध्यबिंदूवर पंचाची खोल खूण करावी. याच एका खुणेवरून सर्व वर्तुळे निघावयाची आहेत. खुंटीने बाहेरचे वर्तुळ, आतील वर्तुळ व बोल्टांच्या भोकांचे वर्तुळ अशी तिन्ही रेखून घ्यावीत. बोल्टांच्या जागांवर आताच पंचाच्या खुणा कराव्यात. आतील तुकडा निखळून पडल्यावर मध्यबिंदू नाहीसा होतो व मग बोल्टांचे वर्तुळ अचूक काढणे कठीण जाते. ही भोके मात्र कापून झाल्यावर पाडावीत, नाही तर बेअरिंग त्यांत अडखळते.

३. सुरुवात करण्यासाठी ८ मिमीचे भोक ड्रिलने पाडून घ्यावे. ते नेहमी टाकाऊ भागात असावे. आपल्या उदाहरणात बाहेरच्या कापासाठी या भोकाचा मध्य १४४ मिमी त्रिज्येवर व आतील कापासाठी ७९.५ मिमी त्रिज्येवर घ्यावा. म्हणजे भोकाची कड ठेवावयाच्या भागाला केवळ शिवते, आत शिरत नाही. ज्योतीनेच प्लेट भेदू लागल्यास कीट उसळून नोझलची भोके बुजतात व सुरुवातीची जागा ओबडधोबड होते.

४. प्रथम बाहेरचे वर्तुळ कापावे, नंतर आतील. हा क्रम उलटा केल्यास मध्यबिंदू आतील तुकड्याबरोबर खाली पडतो व बाहेरच्या वर्तुळासाठी कंपास टेकविण्यास जागाच उरत नाही.

५. आतील भोक कापताना कंपासाचे टोक व चाक ही दोन्ही टाकाऊ तुकड्यावर असतात. काप पुरा होताच तो तुकडा खाली पडेल व कंपासालाही ओढून नेईल. म्हणून त्याच्याखाली प्लेटच्या पातळीला लागेल असा लोखंडी आधार आधीच द्यावा. परंतु तो चिरेच्या खाली येऊ देऊ नये.

६. ज्योत पेटविण्यापूर्वी कटर बुशमध्ये ठेवून एक कोरी फेरी मारावी. पाय कोठे ठेवावयाचा, नळी कोठे अडते, हे सर्व तेव्हाच कळते. फेरी मध्येच थांबविली, तर त्या जागी खाच पडते.

७. नोझल प्लेटच्या जाडीप्रमाणे निवडावे. बारा मिमीपर्यंत साधारणतः १.२ मिमी भोकाचे नोझल लागते. दाब नोझल तयार करणाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे ठेवावा. या जाडीला प्राणवायू दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅमच्या आसपास व ॲसिटिलीन त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका असतो. ज्योतीतील शुभ्र शंकूंची टोके प्लेटपासून सुमारे ३ मिमी उंचीवर राहतील अशी ज्योत लावावी.

८. भोकाची कड लालभडक होताच प्राणवायूची दांडी सावकाश दाबावी व ठिणग्या प्लेटच्या खालून पडू लागल्या, की पुढे सरकावे. या जाडीला मिनिटास ३५ ते ४० सेंटिमीटर ही गती योग्य होय. त्या हिशेबाने बाहेरच्या वर्तुळास सव्वादोन ते अडीच मिनिटे व आतील वर्तुळास सुमारे दीड मिनिट लागते. कटरवर भार देऊ नये. नट बुशवर केवळ टेकलेला असावा.

काप चांगला की वाईट, हे कसे ओळखावे ?

थंड झालेल्या कडेवर बारीक उभ्या रेघा दिसतात. त्या जवळजवळ सरळ खाली उतरत असतील, वरची धार टोकदार असेल व खालचे कीट हातोडीच्या हलक्या टोल्याने सुटत असेल, तर काप उत्तम समजावा. रेघा खाली जाताना मागे पडल्या असतील, तर गती अधिक झाली. वरची धार वितळून गोल झाली असेल व कीट घट्ट चिकटले असेल, तर गती कमी पडली किंवा ज्योत फार मोठी होती. कड एकाच बाजूस खवल्यांसारखी उखडली असेल, तर नोझलच्या भोकात कचरा आहे असे समजून ते योग्य मापाच्या सुईने साफ करावे.

तापलेली प्लेट पाण्यात बुचकळून थंड करण्याचा मोह आवरावा. कमानीचे पाटे, कुळवाची पास अगर तव्यांच्या औताचे तवे यांसारख्या कडक पोलादाची कड पाण्याने ठिसूळ होते व पुढे शेतात तडकते. प्लेट वाऱ्यावरच निवू द्यावी.

सरळ कापासाठीही हेच तत्त्व लागू आहे. प्लेटवर लोखंडी अँगल रेघेपासून योग्य अंतरावर दोन शिकंज्यांनी आवळून त्याच्या कडेला नोझल टेकवून नेले, म्हणजे काप सरळ येतो. येथेही चिरेच्या निम्म्या रुंदीचा हिशेब विसरू नये.

धोके व खबरदारी

कंपासाने काप सुधारतो. तो माणसाचे रक्षण करीत नाही. सबब पुढील नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत.

*रिकामे पिंप कधीही कापू नये.* डिझेल, पेट्रोल, डांबर, रंग, मद्यार्क किंवा कीटकनाशक यांचे पिंप रिकामे दिसले, तरी त्याच्या आत वाफ शिल्लक असते. ज्योत अगर ग्राइंडरची ठिणगी लागताच ते तोफेसारखे फुटते. गुरांना पाणी पाजण्याचे कुंड करण्यासाठी जुने पिंप आडवे कापण्याची चाल ठिकठिकाणी आहे, व तीच सर्वांत घातक आहे. पिंप धुतले, बूच उघडे ठेवले, उन्हात तापविले, ही कोणतीही गोष्ट पुरेशी नाही. कीटकनाशकाच्या पिंपातील पाणी तर गुरांनाही पाजू नये. तयार सिमेंटचे कुंड घ्यावे. गोबर गॅसची टाकी, ट्रॅक्टरची इंधनाची टाकी व कोणतेही बंद भांडे यांसही हाच नियम लागू आहे.

*तेल व प्राणवायू यांची गाठ पडू देऊ नये.* प्राणवायूचे सिलिंडर काळ्या रंगाचे व ॲसिटिलीनचे गडद तपकिरी तांबड्या रंगाचे असते. प्राणवायूच्या जोडाचे आटे उजवे व ॲसिटिलीनचे डावे असतात, ते याच हेतूने की अदलाबदल होऊ नये. ट्रॅक्टरचे काम करून आलेल्या तेलकट हातांनी हे जोड हाताळू नयेत. व सांधा घट्ट फिरतो म्हणून त्यावर ग्रीस तर कधीच लावू नये. अंगावरील धूळ झटकण्यासाठी प्राणवायूचा झोत वापरणेही जिवावर बेतते, कारण प्राणवायूने भिजलेले कपडे एका ठिणगीने पेटतात.

*ॲसिटिलीनचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १ किलोग्रॅमपेक्षा अधिक नेऊ नये.* त्याहून अधिक दाबाखाली हा वायू ज्योतीवाचूनही फुटू शकतो. त्याचे सिलिंडर नेहमी उभे ठेवून साखळीने बांधावे. या वायूच्या नळीस तांब्याचा नळ अगर जोड लावू नये.

*घरगुती स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर दुकानात वापरू नये.* ते कायद्याने निषिद्ध आहे. परवानगी असलेला व्यावसायिक गॅस वापरताना त्यासाठी असलेले वेगळे नोझलच वापरावे. ॲसिटिलीनचे नोझल त्यास चालत नाही.

*ज्योत मागे जाऊ देऊ नये.* दोन्ही रेग्युलेटरांवर व कटरच्या बाजूस ज्योत अडविणाऱ्या झडपा बसवाव्यात. कटरमध्ये शिटीसारखा आवाज येऊन ज्योत आत गेली, तर प्रथम प्राणवायू व लागलीच ॲसिटिलीन बंद करावा आणि कारण सापडेपर्यंत पुन्हा पेटवू नये. नळ्या भेगाळल्या असल्यास त्यांना ठिगळ न लावता त्या बदलाव्यात. गळती शोधण्यासाठी साबणाचे पाणी वापरावे, काडी नव्हे.

*कडब्याची गंजी, गोठा व खळे यांपासून दूर काम करावे.* ठिणग्या दहा मीटरपर्यंत सहज जातात. जवळ पाण्याच्या बादल्या व वाळू ठेवावी. काम संपल्यावरही तासभर जागेवर लक्ष ठेवावे, कारण भुसकटात पडलेली ठिणगी धुमसत राहून मागाहून पेट घेते.

*डोळे व अंग झाकावे.* उन्हात घालावयाचा काळा चष्मा या कामी निरुपयोगी आहे. ३ ते ५ क्रमांकाच्या काचेचा वेल्डिंगचा चष्मा वापरावा. सुती कपडे, चामडी हातमोजे व बंद बूट घालावेत. नायलॉनचे कपडे वितळून कातडीला चिकटतात. उपरणे व धोतराचा सोगा मोकळा सोडू नये. जस्ताचा मुलामा दिलेला नळ कापताना निघणाऱ्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप येतो. सबब कापावयाच्या जागेवरील मुलामा आधी घासून काढावा व काम मोकळ्या हवेत वाऱ्याकडे पाठ न करता, वारा आडवा जाईल असे उभे राहून करावे.

कार्यकर्त्यांना सूचना

गॅस कटर चालविणे हे शिकलेल्या कारागिराचेच काम आहे. केवळ हा लेख वाचून कोणा शेतकरी बंधूने कटर हाती घेऊ नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम आपल्या भागातील वेल्डिंगच्या दुकानदारांना हे साधन समजावून द्यावे व शक्य तर जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत एक नमुना तयार करवून घ्यावा. हंगामापूर्वी एखाद्या बाजाराच्या दिवशी प्रात्यक्षिक ठेवावे. एकाच प्लेटमधून एक चकती मोकळ्या हाताने व दुसरी कंपासाने कापून दोन्ही शेजारी ठेवल्या, तर अधिक सांगण्याची गरज पडत नाही. त्याच वेळी रिकाम्या पिंपाविषयीचा इशारा सर्वांच्या कानांवर घालावा. कंपास कोणी केला नाही तरी फारसे बिघडणार नाही. हा इशारा मात्र प्रत्येक घरी पोचला पाहिजे.

शेतकरी बंधूंनी दुकानात जाताना आपल्या कामाची मापे नीट घेऊन जावीत. जुना भाग बरोबर न्यावा, नळाचा व्यास दोन ठिकाणी मोजावा व कापण्यापूर्वी खुंटीने रेखलेले वर्तुळ स्वतः पाहून घ्यावे. मापासाठी घालविलेली दहा मिनिटे पुढे पंप पुन्हा उतरविण्याचा दिवस वाचवितात, आणि ऐन हंगामात वाचलेला तो एक दिवस पिकाच्या पाण्याचा असतो.